उशीबाईच्या खुर्चीत

४ सप्टेंबर

शाळेत दर शुक्रवारी शेवटच्या तासाला सिस्टर आम्हाला हॉलमध्ये बसवायच्या आणि टाचणी पाडायच्या. खरीखुरी टाचणी, लाकडी फरशीवर. सगळ्या वर्गाने श्वास धरून बसायचं. मग त्या विचारायच्या, "कोणाला ऐकू आली?" पुष्कळदा एकच हात वर जायचा, माझा. शेजारी बसलेली टिकली मला कोपराने ढोसायची आणि नुसते ओठ हलवून, आवाज न काढता म्हणायची, "खोटारडी." मीही तसंच उत्तर द्यायचे, "बहिरी."

जिन्यात बोलायला बंदी, चॅपेलमध्ये बंदी, जेवणाच्या टेबलावरही बंदी. त्यामुळे ओठांनी बोलण्यात आम्ही दोघी इतक्या तरबेज झालो होतो की सिस्टरांच्या नाकासमोर आम्ही सिस्टरांच्याच नाकाबद्दल बोलायचो. टिकली कविता म्हणायला स्टेजवर उभी राहिली की तिसऱ्या कडव्याला अडकायची. अडकली की उजवा अंगठा मुठीत लपवायची. मग मी दुसऱ्या रांगेतून ओठांनी पुढची ओळ पुरवायचे. प्रॉम्प्टर म्हणून माझी नेमणूक तिथेच झाली असं म्हणायला हरकत नाही.

आज हे सगळं आठवलं ते कानाच्या दवाखान्यात. तिथे एका काचेच्या पेटीत बसवून कानावर हेडफोन चढवले. तपासणारी मुलगी म्हणाली, "शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं." मी दाबत सुटले. थोड्या वेळाने तिने दार उघडलं.

"आजी, मी अजून सुरूच केलेलं नाही."

दोन महिने माझ्या कानात आवाज आहे. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी जी बारीक सूं येते ना, ती. फरक इतकाच की इथे शिट्टी होतच नाही, भातही शिजत नाही.

कानाचे डॉक्टर भले वाटले. म्हणाले, "थोडं ऐकू येणं कमी झालंय, वयानुसार. आवाज बंद करायचं औषध माझ्याकडे नाही, तसं कोणी विकत असेल तर घेऊ नका. पण मेंदूला त्याची सवय होते. घड्याळाची टिकटिक कशी, आहे आणि नाही, तसं." अगदी शांत खोलीत बसू नका, बाकीच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, आणि आवाज कधी वाढतो, कधी कमी होतो ते लिहून ठेवा, असंही सांगितलं. म्हणून ही वही.

गुडघा हाडाच्या डॉक्टरांकडे, साखर मधुमेहवाल्यांकडे, रक्तदाब आमच्या जुन्या डॉक्टरांकडे, आता कानही वेगळे निघाले. घराची वाटणी व्हायच्या आधी माझीच झाली.

७ सप्टेंबर

हे आयुष्यभर पाणीपुरवठा खात्यात होते. रस्त्यावर लोखंडी सळई टेकवायची, तिला कान लावायचा, आणि जमिनीखाली पाइप कुठे गळतोय ते सांगायचं, हे ह्यांचं काम. आज सकाळी चहा पिताना अचानक उठले आणि माझ्या कानाला कान लावून उभे राहिले. सूनबाई कामावर न्यायचा डबा भरता भरता थांबली.

"काय ऐकू येतंय, बाबा?"

"काही नाही. पाइप कोरडा आहे."

तेव्हापासून माझ्या कानातल्या आवाजाचं नाव ह्यांनी 'सवत' ठेवलं आहे. दुपारी विचारतात कसे, "काय म्हणतेय तुझी सवत?"

मी म्हटलं, "सवत असती तर तुम्हाला ऐकू आली असती."

सूनबाई एवढी हसली की तिला ठसका लागला. ती औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे, म्हणजे दिवसभर लोकांच्या दुखण्यांत असते, आणि तरी घरी येऊन माझ्या गोळ्या डबीच्या कप्प्यांत भरते. मुलगा दूर नोकरीला, महिन्यातून एकदा येतो. आम्हा दोघींचं त्याच्यावाचून फारसं काही अडत नाही, हे त्याला सांगायचं नाही असं आमचं ठरलंय.

रविवारपासून तालमी. नाटक बसवणारे आमचे दंतवैद्य. दिवसभर लोकांना 'आ करा' सांगतात आणि संध्याकाळी वाचनालयाच्या हॉलमध्ये आम्हाला 'तोंड उघडून बोला' सांगतात. आमची हौशी मंडळी तीच ती, फक्त दर वर्षी थोडी पांढरी होते. नायिका टिकली. बुटकी, गोल, कपाळाच्या मध्यावर लावावी अशी, म्हणून शाळेत पडलेलं नाव. मी उंच, मान लांब, म्हणून बगळा. आज तिला टिकली आणि मला बगळे म्हणणारं माणूस एकेकच उरलं आहे.

१५ सप्टेंबर

नाटकाची गोष्ट साधी आहे. एका विधवा बाईला मुलं घर विकायला लावतात आणि ती हो-नाही हो-नाही करत अख्खे तीन अंक काढते. घरात तिची नव्वदीची सासू आहे, आरामखुर्चीत, प्रेक्षकांकडे पाठ करून. ती ना हलते, ना बोलते. बिनचेहऱ्याची भूमिका करायला कोणी तयार होईना, म्हणून आमच्या दंतवैद्य डॉक्टरांनी खुर्चीत उशी ठेवून तिला शाल पांघरली आणि पांढरा टोप घातला. सगळे तिला उशीबाई म्हणतात. कामात सगळ्यांत चोख तीच.

मी विंगेत, माझ्या जुन्या स्टुलावर, टॉर्चला लाल कागद लावून. लोकांना वाटतं प्रॉम्प्टिंग म्हणजे वाचून दाखवणं. तसं नसतं. नट थांबला तर तो ठरवून थांबलाय की विसरलाय, हे त्या शांततेवरून ओळखायचं असतं. ठरवून घेतलेली शांतता भरलेली असते, विसरलेली पोकळ. इतकी वर्षं मला तो फरक कानाने कळत आला. टिकलीचा तर श्वाससुद्धा कळायचा.

आज पहिल्या अंकात ती थांबली. मी कान टवकारले आणि ऐकलं काय, तर सूं. शांतता कुठली, माझ्या डोक्यात कुकर! मला पोकळ वाटलं, मी ओळ दिली.

टिकली वळली. "अगं, पॉज होता तो!"

"सॉरी गं."

"किती छान घेतला होता मी. बाई विचार करतेय तिथे."

खरंच छान घेतला होता. मूठ वळून उभी होती, अंगठा आत घट्ट, जणू राग गिळतेय. आणि मी मध्ये कडमडले.

१६ सप्टेंबर

आज आवाज जास्त. काल नीट झोप नव्हती, जेवणही उशिरा झालं होतं. साखर चढलेली. असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं. गुडघाही कुरकुरतोय, पण त्याची वही वेगळी.

२९ सप्टेंबर

पुन्हा तेच. आज दोनदा. दुसऱ्या वेळी टिकलीचा आवाज चढला, "बगळे, मला बोलू देशील का?" डॉक्टर फार सभ्य माणूस, त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, तब्येत बरी आहे ना?" दातांचा डॉक्टर जेव्हा दात न काढता तब्येत विचारतो तेव्हा समजावं की प्रकरण गंभीर आहे.

पूर्वी टिकली चिडली की दोन दिवस चिडलेली असायची. आज तालीम संपल्यावर स्वतःच आमच्या घरी आली, माझा हात धरून बसली.

"मी सोडू का गं?" मी विचारलं. "वाचनालयाच्या बाई आहेत, त्या करतील. आवाज खणखणीत आहे त्यांचा."

"तू कुठेही जायचं नाहीस."

"मग मी मध्ये बोलते त्याचं काय?"

"मध्ये बोलायचंही नाहीस."

"म्हणजे मी करायचं तरी काय?"

"बसून राहायचं," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मायाळू आहे बिचारी. माझ्या कानांचं माझ्याहून तिलाच जास्त लागलंय.

छत्री विसरून गेली. मागच्या आठवड्यात विसरली ती न्यायला आली होती, तर आजचीही ठेवून गेली. आता आमच्याकडे तिच्या दोन छत्र्या. वेंधळी ती पहिल्यापासूनच.

५ ऑक्टोबर

हे सकाळपासून बाल्कनीत ठोकाठोक करत होते. विचारलं तर म्हणे सरकारी काम आहे. संध्याकाळी मला बोलावलं. एक जुनी बादली, एक छोटा पंप आणि पितळी तोटी. पाणी तोटीतून बारीक धारेने बादलीत पडतं आणि पंप ते पुन्हा वर चढवतो.

"पस्तीस वर्षं लोकांच्या गळत्या बुजवल्या," म्हणाले. "आता बायकोसाठी एक करून देतो."

बाजूला खुर्ची टाकून बसले. सूं होतीच, पण पाण्याच्या आवाजात मिसळून गेली. आपण गर्दीतून जावं आणि नको असलेल्या माणसाने आपल्याला ओळखू नये, तसं. बऱ्याच दिवसांनी पेन्सिल आणि संहिता घेऊन निवांत बसले. मग लक्षात आलं की हे समोर उभे आहेत, निकालाची वाट बघत.

"कसंय?"

"सुरेख गळतंय हो."

एवढा आनंद ह्यांना निवृत्तीच्या सत्कारातही झाला नव्हता.

१२ ऑक्टोबर

गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली, डिसेंबरच्या दोन तारखेला. नाटकाच्या पुढच्या आठवड्यात. हाडाचे डॉक्टर साखर खाली आणा म्हणतात, साखरवाले चालायला जा म्हणतात, आणि चालायला गुडघा हवा. सगळ्यांना एका खोलीत बसवून दार लावून घ्यावंसं वाटतं.

आज तालमीत मी शहाणपणा केला. टिकली थांबली आणि मी बोललेच नाही. म्हटलं, पॉज असेल. ती उभीच. सगळे उभे. शेवटी तिच्या मुलाचं काम करणाऱ्याने स्वतःचं पुढचं वाक्य ठोकून दिलं आणि गाडी पुढे गेली. मी नंतर विचारलं, "हा फारच मोठा घेतलास गं?" ती म्हणाली, "ओळ द्यायची नाहीस का?"

म्हणजे आता मला पॉज कळत नाही आणि विसरणंही कळत नाही. नाटक टिकलीचं आहे, आणि ती मला आधीच बजावून बसलीय की हे आपलं शेवटचं मोठं काम. माझ्या कानापायी त्याचं मातेरं व्हायला नको. रात्री जेवताना मी सांगून टाकलं की मी प्रॉम्प्टिंग सोडणार.

ह्यांनी पोळीचा तुकडा खाली ठेवला. सूनबाई म्हणाली, "आई, मावशी दुकानात येतात औषधं घ्यायला. काय घेतात ते मी सांगू शकत नाही, तुम्हाला माहितेय."

"मी कुठे विचारलं?"

"नाहीच विचारलंत. मी एवढंच म्हणते, कान दुखावलेत तर डोळ्यांनी काम घ्या."

डोळ्यांना चष्मा आहे, हे तिला ठाऊक नाही का? मुली हल्ली कोड्यात बोलतात.

२० ऑक्टोबर

काय लिहू आणि किती लिहू.

आज वाचनालयाच्या बाई माझ्या स्टुलावर आणि मी प्रेक्षकांत, तिसऱ्या रांगेत. इतकी वर्षं ह्या मंडळींचं नाटक मी बाजूने पाहिलं. समोरून आज पहिल्यांदा. सगळे केवढे म्हातारे दिसतात!

बाईंचा आवाज खणखणीतच. नट श्वास घ्यायला थांबला तरी ओळ हजर. वर वाचनालयाची सवय, मध्येच कोणी कुजबुजलं तर "शू!" करतात. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

पहिल्या अंकात, नेमक्या त्याच जागी, टिकली थांबली. माझ्या कानात सूं. ऐकण्यासारखं काही नव्हतं म्हणून मी नुसती बघत बसले. चेहरा शांत. डोळे उशीबाईवर. आणि उजवा हात. अंगठा मुठीत.

मी पुन्हा शाळेच्या हॉलमध्ये होते. दुसरी रांग, तिसरं कडवं. इतके आठवडे तो अंगठा विंगेतून मला दिसत होता आणि मी त्याला अभिनय म्हणत होते!

मी ओठ हलवले. नुसते ओठ. टिकलीची नजर माझ्याकडे वळली, ती वाचत गेली, आणि वाक्य तिच्या तोंडून असं आलं की जणू आत्ताच सुचलंय. त्याच क्षणी बाईंनीही ते विंगेतून खणखणीत वाचलं, त्यामुळे दोघींचं कोरस झालं. पण ते जाऊ दे.

नंतर हॉलच्या मागच्या खोलीत, जिथे आम्ही चहा करतो, तिथे मी दार लावून घेतलं.

"पॉज होता तो?"

ती कपात साखर ढवळत राहिली. साखर घातलीच नव्हती.

"टिकले."

"नव्हता," ती म्हणाली. "एकही नव्हता. पहिल्या दिवसापासून."

"मग माझ्यावर ओरडलीस ती?"

"तुझे कान बिघडलेलेच होते ना. म्हटलं, आणखी एक गोष्ट त्यांच्या अंगावर घालावी. डोकं चालत नाही असं कळलं असतं तर डॉक्टरांनी काम काढून घेतलं असतं. कान बिघडलेल्या प्रॉम्प्टरला कोणी काढत नाही गं, सगळ्यांचे आवडते असतात प्रॉम्प्टर."

मला इतका राग आला, इतका राग आला की मी हसायला लागले. ती आधी रडत होती, मग तीही हसली. दार वाजलं. बाहेरून बाई म्हणाल्या, "शू!"

मग तिने सांगितलं. उन्हाळ्यात तिला नागीण झाली होती ना, ती बरी झाली पण बरगडीची आग राहिली. तिच्यासाठी गोळी चालू आहे. त्या गोळीने डोक्यात धुकं येतं म्हणे. माझ्या डोक्यात कुकर, तिच्या डोक्यात धुकं. दोघींचं मिळून एक डोकं धड होईल.

"डॉक्टरांना सांगितलंस गोळीबद्दल?"

"कोणत्या? दाताच्या?"

"अगं, गोळी देणाऱ्या!"

उद्या सूनबाई तिला घेऊन जाणार आहे. मी नुसतं विचारलं, तर आधीच रजा टाकलेली निघाली.

२१ ऑक्टोबर

मी आणि टिकली दोघी मिळून दंतवैद्यांकडे गेलो. त्यांच्या दवाखान्यातच, पेशंटच्या खुर्चीवर टिकली बसली म्हणजे पळता येणार नाही. सगळं खरं सांगितलं. त्यांनी हातमोजे काढून ठेवले.

"मावशी, मी काम काढून घेतलं असतं असं वाटलं तुम्हाला?"

"हो."

"दोन वर्षांपूर्वी मी तुमची अक्कलदाढ काढली. तेव्हासुद्धा तुम्ही भूल चढेपर्यंत मला नकला करून हसवत होतात. तुमच्याशिवाय हे नाटक करायचं कोणाला?" मग माझ्याकडे वळले. "पण ताई, विंगेतून तुमचे ओठ त्यांना दिसणार नाहीत. आणि पहिल्या रांगेत बसून ओठ हलवायला लागलात तर लोक म्हणतील, बाई जप करतायत."

तेव्हा टिकली खुर्चीतून उठून बसली. दिव्याला डोकं आपटलं तिचं.

"उशीबाई!" ती म्हणाली.

प्रेक्षकांकडे पाठ, टिकलीकडे तोंड, हलायचं नाही, बोलायचं नाही, अंगावर शाल, मांडीवर शालीखाली संहिता. ऐकू येण्याची गरजच नाही. गुडघ्याला आराम. अशी भूमिका माझ्यासाठी देवाने लिहिली असती तरी इतकी मापात बसली नसती. हे म्हणाले, "लग्नानंतर पहिल्यांदा तू तीन अंक गप्प बसणार. मी पहिल्या रांगेचं तिकीट काढतो."

८ नोव्हेंबर

खुर्चीत आता सरावले आहे. वाचनालयाच्या बाईंनी मोठ्या मनाने पडद्याची दोरी सांभाळायला घेतली. पहिल्या अंकात तीनदा अंगठा आत गेला, दुसऱ्यात एकदाच. गोळी कमी केल्यापासून धुकं निवळतंय असं टिकली म्हणते. तालमीचा वार मात्र तिचा अजून चुकतो. काल शनिवारी येऊन हॉलच्या पायरीवर एकटीच बसली होती, शेवटी सूनबाई तिला घरी घेऊन आली. सूनबाई तिला आणखी एका डॉक्टरांना दाखवू म्हणते. मी म्हटलं, गोळी कमी झालीय, वेळ लागणारच, एवढी घाई कशाला? तर म्हणाली, "असू दे आई, दाखवून तर येऊ." औषधाच्या दुकानातल्या मुलींना प्रत्येक गोष्टीवर डॉक्टर हवा.

एक गंमत नोंदवायची राहिली. आज तालीम संपून हातपाय धुताना लक्षात आलं की सूं आहे, पण मी संध्याकाळभर तिच्याकडे गेलेच नव्हते. कानाचे डॉक्टर म्हणाले होते तेच हे असावं. अंगठ्याकडे बघत असले की कुकर कोणाच्या तरी दुसऱ्याच स्वयंपाकघरात असतो.

२३ नोव्हेंबर

प्रयोग झाला! खुर्च्या भरून मागे लोक उभे होते.

पहिला अंक ठीक. दुसऱ्या अंकात मला घाम फुटला, हाताला कंप. साखर उतरल्याची लक्षणं मला पाठ आहेत. उत्साहात दुपारी नीट जेवले नव्हते. सूनबाईने शालीच्या आत गोड गोळ्यांची पुडी टाचून ठेवली होती. मी दोन तोंडात टाकल्या आणि कडाकडा चावल्या. तीन अंक मेल्यासारखी बसलेली सासू, आणि टोपाखाली कानशिलं हलतायत. मुलगा तिच्यासमोर घराच्या किमतीबद्दल बोलत होता. लोक हसून हसून लोळले. नंतर एक गृहस्थ डॉक्टरांना म्हणाले, म्हातारी आतल्या आत दात खाते ही कल्पना फार वरची. दंतवैद्यांनी ते श्रेय खुशाल घेतलं.

आणि तिसरा अंक. टिकलीच्या हातात घराची किल्ली आहे. ती माझ्यासमोर गुडघे टेकून बसते आणि विचारते, "आई, तुम्हाला ऐकू येतंय का हो हे सगळं?" संहितेत पुढे असं आहे की सासू हलत नाही, मग ही म्हणते, "नसेलच येत. बरंय तुमचं," आणि किल्ली मुलाला देते. पडदा.

तिने विचारलं आणि थांबली. मी अंगठा पाहिला. बाहेर होता. किल्लीवर, सैल. म्हणजे पॉज. मी ओठ मिटून बसले. ती थांबूनच राहिली. हॉल किती शांत होता ते मला कधीच कळणार नाही, माझ्या कानात माझं चालू होतं. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. मग तिचे ओठ हलले, आवाज न करता.

"टाचणी."

मला काय झालं सांगता येत नाही. समोर म्हातारी टिकली, आणि सिस्टर विचारतायत कोणाला ऐकू आली. मी मान हलवली. हो म्हणून.

तीन अंक न हललेली उशीबाई हलली. मागून एकदम मोठा श्वास आला, तो मलाही ऐकू आला. आता पुढचं वाक्य कुठलं म्हणायचं? 'नसेलच येत' कसं म्हणणार, म्हातारी हो म्हणतेय! मी संहिता चाळते, तिथे काही नाही. मी नाटक बुडवलं असं वाटून मला घेरी यायची बाकी होती.

टिकली हळूच उठली. कमरेवर हात ठेवले. म्हणाली, "म्हणजे चाळीस वर्षं मी तुमच्याबद्दल जे जे बोलले, ते सगळं ऐकलंत होय तुम्ही?"

हॉल हशाने दणाणला. ती थांबली, हसू ओसरू दिलं, अगदी मापात. मग माझ्या मांडीवर शालीवर किल्ली ठेवली आणि मुलाकडे वळून म्हणाली, "घर ह्यांचं आहे. ह्यांना विचार."

वाचनालयाच्या बाईंनी बरोब्बर तेव्हाच दोरी ओढली.

मी आत तिला विचारलं, "विसरली होतीस का मुद्दाम केलंस?"

"तू सांग. प्रॉम्प्टर तू आहेस."

"आणि वाक्य कुठून आलं?"

"कोणतं वाक्य?" ती म्हणाली, आणि मला मिठी मारली.

१ डिसेंबर

उद्या सकाळी हॉस्पिटल. बॅग भरली. कानाच्या डॉक्टरांनी विचारलं म्हणून लिहिते, आज सूं मध्यम, चिंता मध्यम, साखर आटोक्यात. हाडाच्या डॉक्टरांनी भरपूर समजावलं की हल्ली गुडघा बदलणं म्हणजे काही नाही. त्यांचा बदलत नाहीयेत ना.

काही होणार नाही हे मलाही माहीत आहे. तरी सांगून गेलेलं बरं. हे वाचायचं ते सूनबाईने, मोठ्याने, ह्यांच्यासमोर.

बाल्कनीतली गळती बंद करायची नाही. मी नसताना ह्यांनी तिथे बसावं, ह्यांना घर फार शांत झालेलं सोसत नाही, कबूल करणार नाहीत. मोत्याच्या कुड्या सूनबाईच्या. मुलाला माझा आशीर्वाद आणि त्याचे शाळेतले स्वेटर, आता तरी घेऊन जा म्हणावं. शाल आणि टोप डॉक्टरांना परत. खऱ्या उशीला तिची जागा परत द्यायची नाही, असं त्यांना माझ्या वतीने सांगायचं. स्टूल वाचनालयाच्या बाईंना, खाली रबर लावून, कुरकुरतं. टिकलीच्या छत्र्या आता पाच झाल्यात. सगळ्या देऊ नयेत, एकावेळी एक.

टॉर्च, पेन्सिल आणि खुर्ची सूनबाईला. पुढच्या प्रयोगापर्यंत मी चालायला लागले नाही तर तिने बसायचं. आवाज न काढता ओठ हलवायला मी तिला शिकवलं आहे, अजून 'प' आणि 'ब'मध्ये गोंधळ होतो, पण टिकली सांभाळून घेईल. आणि हे महत्त्वाचं, म्हणून खाली रेघ मारते. उजव्या हाताकडे बघायचं. अंगठा बाहेर असला तर कितीही वेळ जाऊ दे, बोलायचं नाही. अंगठा आत गेला की लगेच ओळ द्यायची. स्टेजवर आणि बाहेरही. हल्ली भाजीच्या दुकानात, बसच्या थांब्यावर, कधी कधी माझ्या दारात उभी असतानाही जातो तो आत. तेव्हा नुसतं, ओठांनी, तिचं नाव सांगायचं. टिकली. तेवढ्याने पुढचं तिला आठवतं.

सूं माझ्याबरोबर येतेय. ती कोणाला द्यायची नाही.